एक नाव, अनेक ग्रंथकार : ‘भास्कर’ या नावाच्या निमित्ताने कर्तृत्वनिर्णयाचा विचार

१

प्राचीन ग्रंथाच्या अभ्यासकाला ग्रंथकाराविषयी पहिली माहिती मिळते ती त्याच्या नावाची. आणि पुष्कळदा तीच सर्वांत फसवी ठरते. पोथीच्या अखेरीस पुष्पिकेत एक नाव असते. त्याच नावाचा दुसरा एखादा ग्रंथकार अभ्यासकाच्या आधीच परिचयाचा असतो. मग ही दोन नावे एकमेकांत मिसळतात, आणि प्रत्यक्षात कधीही न झालेली एक तिसरीच व्यक्ती वाङ्मयेतिहासात वावरू लागते. याच्या नेमका उलट प्रकारही घडतो. एकाच नावावर दोन भिन्न प्रकृतींचे ग्रंथ आढळले, की इतक्या निराळ्या वृत्तीचा माणूस एकच कसा असेल अशी शंका उपस्थित होते, आणि एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती केल्या जातात. पहिल्या दोषाला संमीलन व दुसऱ्याला विभाजन अशी नावे देता येतील.

दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. दोहोंतही निर्णय पुराव्याने होत नाही. ग्रंथकाराविषयीच्या पूर्वग्रहाने होतो. संमीलन करणारा म्हणतो, नाव एक आहे म्हणून माणूस एक. विभाजन करणारा म्हणतो, विषय दोन आहेत म्हणून माणसे दोन. या दोन अनुमानांपैकी एकही टिकणारे नाही, हे दाखविण्यास ‘भास्कर’ या नावाइतके सोयीचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. ज्योतिष, वेदान्त, मीमांसा, वेदभाष्य, तंत्र आणि मराठी काव्य अशा भिन्न क्षेत्रांत या नावाचे नामांकित पुरुष होऊन गेले. त्यांतील दोन जण तर एकाच शास्त्रातले, आणि आणखी दोन एकाच वंशातले आहेत.

प्रथम या ग्रंथकारांची ओळख करून घेणे आवश्यक आहे. ‘महाभास्करीय’ व ‘लघुभास्करीय’ हे ग्रंथ आणि आर्यभटीयावरील भाष्य लिहिणारा भास्कर हा सातव्या शतकातील ज्योतिषी. ब्रह्मसूत्रांवर भेदाभेदमताचे भाष्य रचणारा भास्कर हा शंकराचार्यांच्या नंतरचा वेदान्ती. तैत्तिरीय संहितेवर भाष्य करणारा तो भट्टभास्कर. ‘शिवसूत्रवार्तिक’ लिहिणारा भट्ट भास्कर काश्मीरचा शैव. ‘सिद्धांतशिरोमणि’कार भास्कराचार्य बाराव्या शतकातला. ‘शिशुपालवध’ व ‘उद्धवगीता’ या मराठी काव्यांचा कर्ता भास्करभट्ट बोरीकर महानुभाव पंथातला. ‘अर्थसंग्रह’ लिहिणारा लौगाक्षि भास्कर मीमांसक. आणि ललितासहस्रनामावर ‘सौभाग्यभास्कर’ हे भाष्य करणारा, अठराव्या शतकात तंजावरच्या मराठी राज्यात कावेरीकाठी स्थायिक झालेला भास्करराय हा श्रीविद्येचा उपासक. ही यादी परिपूर्ण नाही, परंतु प्रस्तुत विचारास ती पुरेशी आहे.

या यादीत एक गोष्ट सहज लक्षात येण्यासारखी आहे. ‘भट्ट’ आणि ‘आचार्य’ ही उपपदे व्यक्ती ओळखण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी आहेत. ती विद्वत्तेची दर्शक आहेत, व्यक्तीची नव्हेत. याउलट ‘लौगाक्षि’ किंवा ‘बोरीकर’ यांसारखे कुल अथवा गाव सांगणारे उपपद फार मोलाचे ठरते. लौगाक्षि भास्कराच्या नावावर ‘अर्थसंग्रह’ हा पूर्वमीमांसेचा आणि ‘तर्ककौमुदी’ हा न्यायवैशेषिकांचा, असे दोन शास्त्रांतील दोन ग्रंथ आहेत. तरी त्यांचा कर्ता एकच मानण्यास अडचण पडत नाही, कारण हे विशिष्ट उपपद दोन्हीकडे आहे. तेच उपपद गळून पडले असते, तर एक भास्कर मीमांसक आणि दुसरा नैयायिक अशी वाटणी झाली असती, आणि ती कोणास वावगीही वाटली नसती.

२

दोन ज्योतिषी भास्करांचे उदाहरण संमीलनाचे परिणाम स्पष्ट करणारे आहे. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ व ‘गोलाध्याय’ या चार भागांचा ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिणाऱ्या भास्कराचार्याने स्वतःविषयी पुरेशी माहिती ग्रंथातच नोंदविली आहे. त्याचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० च्या सुमारास, त्याने हा ग्रंथ पूर्ण केला. पित्याचे नाव महेश्वर, गोत्र शांडिल्य, गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड, हेही तो सांगतो. हे विज्जडविड कोणते याविषयी मतभेद आहेत. परंतु त्याच्या कालाविषयी वादास जागा नाही. त्याचा ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ शके ११०५ म्हणजे इ. स. ११८३ चा आहे.

या भास्कराचार्याची कीर्ती एवढी मोठी झाली, की ‘भास्कर’ हे नाव ज्योतिषाच्या संदर्भात आले म्हणजे ते त्याचेच, असा समज रूढ झाला. त्याच्या पूर्वी जवळजवळ पाच शतके त्याच नावाचा आणि त्याच शास्त्राचा दुसरा अधिकारी पुरुष होऊन गेला होता, ही जाणीव त्या प्रकाशात लोपली. पहिल्या भास्कराच्या ग्रंथांची हस्तलिखिते मुख्यतः केरळात राहिली, हेही त्याचे एक कारण होय. दख्खन व उत्तर हिंदुस्थान या भागांत ‘सिद्धांतशिरोमणि’ पाठशाळांचा ग्रंथ झाला, तर आर्यभटाच्या परंपरेतील या जुन्या ग्रंथांचे अध्ययन केरळात चालू राहिले. ज्या प्रदेशात एकाचे ग्रंथ वाचले जात होते, तेथे दुसऱ्याचे दुर्मिळ होते.

विभूतिभूषण दत्त यांनी १९३० मध्ये दोन भास्करांविषयी स्वतंत्र लेख लिहून हा भेद स्पष्ट केला. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९४५ मध्ये ‘महाभास्करीय’ प्रसिद्ध केले. पुढे लखनौ विद्यापीठातून कृपाशंकर शुक्ल यांनी १९६० मध्ये ‘महाभास्करीय’ व १९६३ मध्ये ‘लघुभास्करीय’ यांच्या भाषांतरासह आवृत्त्या काढल्या; १९७६ मध्ये आर्यभटीयभाष्यही त्यांच्या संपादनाने प्रकाशात आले.

या निर्णयात शैलीचा अथवा विषयाचा प्रश्न फारसा उद्भवला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विषय तर दोघांचाही एकच. निर्णय झाला तो कालाच्या प्रमाणावर. आर्यभटीयभाष्यात भाष्यकाराने कल्पारंभापासून लोटलेल्या वर्षांची संख्या दिली आहे, तिच्यावरून इ. स. ६२९ हे वर्ष निघते. ‘लघुभास्करीया’वर केरळातील शंकरनारायण याने टीका लिहिली ती ८६९ साली. ज्या ग्रंथावर ८६९ मध्ये टीका झाली, त्याचा कर्ता १११४ मध्ये जन्मलेला असू शकत नाही. एवढे एकच प्रमाण पुरेसे आहे; मग नाव कितीही एक असो. भाष्यात वलभी, भरुकच्छ अशा पश्चिमेकडील स्थळांचे उल्लेख येतात, तेही सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या ग्रंथकाराशी जुळत नाहीत. परंतु स्थलाचे हे प्रमाण येथे केवळ पूरक आहे.

हा भेद लक्षात न घेतल्याने काय बिघडते, असा प्रश्न कोणी करील. बिघडते ते शास्त्राच्या इतिहासाचे चित्र. ‘महाभास्करीया’च्या सातव्या अध्यायात ज्या-कोष्टकाशिवाय कोनाची ज्या काढण्याची एक रीत दिली आहे. कोनाच्या अंशांना एकशे ऐंशींतून कोन वजा करून आलेल्या अंशांनी गुणावे. त्या गुणाकाराची चौपट हा अंश, आणि ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा केला असता उरतो तो छेद. तीस अंशांसाठी गुणाकार ४,५०० येतो. त्याची चौपट १८,०००, आणि छेद ३६,०००. भागाकार बरोबर एक द्वितीयांश. इतर कोनांसाठीही या रीतीची चूक त्रिज्येच्या सहस्रांशाच्या दुपटीहून कमीच राहते. समकालीन ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातही याच स्वरूपाची रीत आढळते. आणि ‘लीलावती’त वृत्ताची जीवा काढण्याची जी स्थूल रीत आहे ती तत्त्वतः हीच होय.

दोन भास्कर एक मानले तर या सर्वांचा अर्थ एवढाच होतो, की एका प्रतिभावंताने बाराव्या शतकात एक सुंदर रीत शोधली आणि ती दोन ठिकाणी लिहिली. दोघे वेगळे आहेत हे समजले म्हणजे निराळेच दृश्य दिसते : सातव्या शतकात प्रचारात असलेली एक रीत पाच शतके टिकते आणि बाराव्या शतकातील पाठ्यग्रंथात आपले स्थान मिळविते. पहिल्या चित्रात एक व्यक्ती आहे, दुसऱ्यात एक परंपरा आहे. संमीलनाने केवळ एका ग्रंथकाराचे श्रेय दुसऱ्यास जाते असे नाही. परंपरेचे अस्तित्वच दिसेनासे होते. दुसऱ्या भास्कराची थोरवीही याने वाढत नाही. उलट ती कशात आहे हेच कळेनासे होते. पूर्वसूरींचे द्रव्य त्याने कोठे स्वीकारले, कोठे सुधारले आणि कोठे स्वतःची भर घातली, हे पाहण्यास पूर्वसूरी वेगळे उभे असावे लागतात.

आपल्या देशाने ७ जून १९७९ रोजी ‘भास्कर-१’ आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी ‘भास्कर-२’ हे उपग्रह अवकाशात सोडले. त्यामुळे ‘पहिला भास्कर’ व ‘दुसरा भास्कर’ हे शब्दप्रयोगदेखील आता निःसंदिग्ध राहिले नाहीत. क्रमांक लावल्याने नामसाम्याचा प्रश्न सुटतो असे नाही. तो क्रमांक कशाचा, हे सांगावेच लागते.

३

दुसरा प्रश्न विषयभेदाचा. विषय भिन्न म्हणून व्यक्ती भिन्न, हे अनुमान किती दुर्बळ आहे ते पाटणच्या शिलालेखावरून समजते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे देवीच्या मंदिरात असलेला हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला व १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. शके ११२८ चा उल्लेख असलेल्या या लेखात भास्कराचार्याचा नातू चांगदेव याने आजोबांचे व वंशातील इतर विद्वानांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिल्याची आणि त्या मठास निकुंभवंशीय सामंतांनी दिलेल्या दानाची हकीकत आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या पेठेतील मालावरील उत्पन्नाचा कोणता वाटा मठास द्यावयाचा, ते त्यात सांगितले आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकास हा लेख परिचित आहे तो या अखेरच्या ओळींमुळे. कर्तृत्वनिर्णयाच्या दृष्टीने मात्र त्याचा संस्कृत भाग अधिक महत्त्वाचा आहे.

त्या भागात भास्कराचार्याची स्तुती करताना त्याला केवळ गणिती म्हटलेले नाही. भट्टमत, सांख्य, तंत्र, वेद, छंद, वैशेषिक, प्राभाकरमत, काव्य आणि त्रिस्कंध ज्योतिष अशा नानाविध विद्यांत त्याचे प्रभुत्व वर्णिले आहे. प्रशस्तीतील अतिशयोक्ती वजा केली, तरी एक गोष्ट उरतेच : त्या काळी एका पंडिताने मीमांसा व ज्योतिष या दोहोंत निष्णात असणे कोणास अस्वाभाविक वाटत नव्हते. आजच्या विद्यापीठांतील विभागांच्या भिंती तेव्हाच्या पाठशाळेत नव्हत्या. म्हणून ब्रह्मसूत्रांचा भाष्यकार भास्कर आणि ‘सिद्धांतशिरोमणि’कार भास्कर यांना वेगळे करताना ‘एक वेदान्ती, दुसरा गणिती’ हे कारण देणे योग्य नाही. ते वेगळे आहेत हे खरे. पण त्याचे कारण निराळे आहे. भेदाभेदवादी भास्कराच्या मताचा उल्लेख उदयनाने केला आहे, आणि उदयनाच्या ‘लक्षणावली’चा काल शके ९०६ म्हणजे इ. स. ९८४ हा आहे. तेव्हा हा वेदान्ती भास्कराचार्याच्या जन्मापूर्वी शतकाहूनही अधिक काळ आधीचा ठरतो. निष्कर्ष तोच राहिला, तरी तो कोणत्या वाटेने आला याला महत्त्व आहे. कारण चुकीच्या वाटेने आलेला बरोबर निष्कर्ष पुढच्या प्रसंगी चुकीच्या निष्कर्षाकडे नेतो.

याच शिलालेखात आणखी एक भास्कर आहे. चांगदेवाची वंशावळ तेथे अशी दिली आहे : कविचक्रवर्ती त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, त्याचा पुत्र भास्कराचार्य, पुढे लक्ष्मीधर आणि चांगदेव. यांतील भास्करभट्टास भोजराजाने ‘विद्यापति’ ही पदवी दिली होती, असे लेख सांगतो. म्हणजे एकाच वंशात, सहा पिढ्यांच्या आत, दोन विद्वान भास्कर. वंशावळ उपलब्ध नसती आणि या विद्यापतीचा एखादा श्लोक कोठे सुभाषितसंग्रहात सापडला असता, तर तो ‘लीलावती’कारास बहाल झाला असता, आणि कुल, गोत्र व नाव ही तीनही प्रमाणे त्या चुकीला अनुकूल ठरली असती.

वंशाचा मूळ पुरुष त्रिविक्रम याच्या बाबतीत तर नामसाम्याचा प्रश्न अद्यापि विचार करण्यासारखा आहे. ‘नलचंपू’चा कर्ता त्रिविक्रमभट्ट हाही शांडिल्यगोत्री. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या शके ८३६ (इ. स. ९१५) मधील दानपत्राचा रचनाकार नेमादित्यपुत्र त्रिविक्रमभट्ट हाच तो, असे मानले जाते. पाटणचा त्रिविक्रम कवी होता, गोत्रही तेच. तेव्हा दोघे एकच, असे म्हणण्याचा मोह होतो आणि तसे म्हटलेही गेले आहे. परंतु पिढ्यांचा हिशेब या मोहास आवर घालतो. ९१५ मध्ये त्रिविक्रम तीस वर्षांचा होता असे धरले, तर त्याच्या जन्मापासून भास्कराचार्याच्या जन्मापर्यंत सुमारे दोनशे एकोणतीस वर्षे होतात. मधल्या पिढ्या सहा. म्हणजे प्रत्येक पिढीस सरासरी अडतीस वर्षे द्यावी लागतात. हे अशक्य नाही, पण सहज स्वीकारावे असेही नाही. शिवाय धारच्या परमार भोजाची कारकीर्द अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. त्याने ज्याला पदवी दिली तो भास्करभट्ट ९१५ मध्ये प्रौढ असलेल्या पुरुषाचा पुत्र मानावयाचा, तर पित्याला उतारवयात पुत्र झाला व त्या पुत्रास वार्धक्यात पदवी मिळाली, अशी दुहेरी कल्पना करावी लागते. यातून सुटण्यासाठी हा भोज दुसराच मानावा म्हटले, तर प्रतिहार मिहिरभोज नवव्या शतकातच येऊन गेलेला. एक नामसाम्य सोडविण्यासाठी ज्या भोजाचा आधार घ्यावा, तो भोजही एकटा नाही. अशा स्थितीत गोत्र व नाव जुळते एवढ्यावरून ऐक्य सिद्ध झाले असे न म्हणता, प्रश्न खुला ठेवणे हेच शास्त्रीय वृत्तीला धरून आहे.

४

आतापर्यंतची उदाहरणे बहुतांशी संस्कृत ग्रंथकारांची झाली. मराठी वाङ्मयाच्या समीक्षेत संमीलनापेक्षा विभाजनाचा मोह अधिक बलवत्तर ठरला आहे, आणि त्याची परीक्षाही ‘भास्कर’ याच नावाच्या आधारे करता येते. भास्करभट्ट बोरीकराने प्रथम ‘शिशुपालवध’ रचले. कृष्ण-रुक्मिणींचा प्रणय, वनविहार, जलक्रीडा, ऋतुवर्णने यांनी ते काव्य भरलेले आहे. कथानायकाच्या शौर्यापेक्षा शृंगाराकडे कवीचे चित्त अधिक लागलेले दिसते. त्यानंतरची ‘उद्धवगीता’ भागवताच्या एकादश स्कंधावर आधारलेली, निवृत्तीचा व भक्तीचा उपदेश करणारी, वृत्तीने संयत आणि अलंकाराच्या हौसेला मर्यादा घालणारी आहे. या स्थित्यंतराचे कारण महानुभाव परंपरेने जतन केले आहे : पहिले काव्य उत्तम असले तरी शृंगारप्रधान असल्यामुळे निवृत्तिमार्गीयांच्या उपयोगाचे नाही, असा अभिप्राय ज्येष्ठ गुरुबंधूकडून मिळाल्यावर कवीने दुसऱ्या ग्रंथाकडे लेखणी वळविली.

ही आख्यायिका आणि पंथाची कर्तृत्वपरंपरा नष्ट झाली असती, तर काय झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही. एक ‘शृंगारी भास्कर’ आणि एक ‘विरक्त भास्कर’ असे दोन कवी मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दाखल झाले असते. त्यांच्या शब्दकळेतील फरकांची कोष्टके तयार झाली असती, आणि इतका रसिक कवी इतके वैराग्यपर लिहील कसा, हा प्रश्न निर्णायक मानला गेला असता. परंतु प्रत्यक्षात एकाच कवीने एका पंथीय प्रसंगामुळे आपली दिशा बदलली. दोन ग्रंथांतील अंतर हे दोन व्यक्तींमधील अंतर नसून एका व्यक्तीच्या जीवनातील अंतर आहे. समीक्षेच्या दृष्टीने याहून मोलाची सामग्री दुसरी नाही. विभाजनाने ती पार नाहीशी झाली असती.

या प्रकाशात मराठीतील इतर वाद पाहिले म्हणजे त्यांचे बळाबळ अधिक नीट जोखता येते. शिवराम एकनाथ भारदे यांनी १८९८-९९ मध्ये ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या नावाने लेख लिहून ज्ञानेश्वरीचा कर्ता व अभंगांचा कर्ता हे दोन भिन्न ज्ञानदेव असल्याचे प्रतिपादन केले. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्तीचा उच्चार नाही, अभंगांत तीच ओतप्रोत आहे, एकाची भूमिका नाथपंथीय शैव, दुसऱ्याची वैष्णव, भाषाही भिन्न, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. या लेखांनी मराठी संशोधनाला चिकित्सक वळण दिले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि त्यांच्या प्रमाणांची जात विषयभेदाची व शैलीभेदाची आहे, कालविरोधाची नाही. गीतेवरील भाष्याचे प्रयोजन आणि अभंगाचे प्रयोजन निराळे. पोथीतून आलेली भाषा आणि गळ्यातून गळ्यात उतरत आलेली भाषा यांत अंतर पडणारच. बोरीकराच्या दोन काव्यांत जेवढे अंतर एकाच कवीच्या हातून पडले, तेवढ्यावरून येथे दोन कवी मानता येत नाहीत. बहुसंख्य अभ्यासकांनी पुढे ज्ञानदेवांचे एकत्वच स्वीकारले. अर्थात याचा अर्थ ज्ञानदेवांच्या नावावरील प्रत्येक अभंग त्यांचाच, असाही नव्हे. व्यक्ती एक मानणे आणि तिच्या नावावरील सर्व रचना तिचीच मानणे, ही दोन भिन्न विधाने आहेत. वादाच्या भरात त्यांची गल्लत झाली.

नामदेवांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. ओवीबद्ध महाभारत रचणारा सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हा संत नामदेवांहून वेगळा, हे आता सर्वमान्य आहे. परंतु ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा नामदेवांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या अभंगांतही येते. त्यामुळे गाथेतील किती रचना कोणाची, याचा निर्णय केवळ मुद्रेवरून होत नाही. येथे खरोखरच दोन व्यक्ती आहेत, आणि संमीलनाचा दोष प्रत्यक्ष घडलेला आहे. विशेष असे, की ज्ञानदेवांच्या चरित्राचा मोठा आधार नामदेवांच्या नावावरील ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ या प्रकरणांवर आहे. म्हणजे एका नामसाम्याच्या वादात जो साक्षीदार उभा करावयाचा, तोच दुसऱ्या नामसाम्यात गुरफटलेला. साक्ष घेण्यापूर्वी साक्षीदाराची ओळख पटविणे हे संशोधकाचे पहिले कर्तव्य ठरते. वामन पंडितांविषयीही अशीच शंका उपस्थित झाली : ‘यथार्थदीपिके’सारखी तत्त्वचिकित्सक गीताटीका लिहिणारा आणि यमकांत रमणारा आख्यानकवी एकच कसा? पण ‘कसा?’ हा प्रश्न आश्चर्याचा आहे, प्रमाणाचा नव्हे.

५

वरील विवेचनावरून प्रमाणांचा एक क्रम लावता येतो. सर्वांत बलवान प्रमाण कालविरोधाचे : एखाद्या ग्रंथाचा उल्लेख अथवा त्यावरील टीका ज्या वर्षी निश्चित सापडते, त्या वर्षानंतर जन्मलेली व्यक्ती त्याचा कर्ता असू शकत नाही. त्यानंतर ग्रंथकाराचे स्वतःचे निवेदन. पिता, गोत्र, ग्राम, गुरू यांविषयी त्याने ग्रंथात जे सांगितले असेल ते. तिसरे, शिलालेख व दानपत्रे यांसारखी बाह्य साधने. चौथे, पुष्पिकेतील विशिष्ट उपपद. पाचवे, पंथीय अथवा शिष्यपरंपरेतील स्मृती. ही सावधपणे वापरावी, पण सरसकट त्याज्य मानू नये, हे बोरीकराच्या उदाहरणाने दाखविले आहे. विषय, वृत्ती आणि शैली यांचे स्थान या सर्वांच्या नंतरचे. वरील प्रमाणांनी जो निर्णय झाला असेल त्याला त्या पुष्टी देऊ शकतात. एकट्या त्या निर्णय करू शकत नाहीत.

या क्रमावर एक आक्षेप संभवतो. समीक्षकाचे खरे क्षेत्र शैली आणि वृत्ती हेच. तेच जर शेवटी ठेवावयाचे, तर कर्तृत्वनिर्णयात समीक्षेला स्थान काय उरले? या आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याचे उत्तर ‘भास्कर’ या नावातच आहे. दोन ज्योतिषी वेगळे झाल्यामुळे ‘लीलावती’चे मूल्यमापन शक्य झाले, बोरीकर एकच राहिल्यामुळे ‘उद्धवगीते’तील संयमाला अर्थ आला. व्यक्ती कोण व किती, हे समीक्षेने ठरवावयाचे नाही. ते ठरल्यानंतरच समीक्षेचे काम सुरू होते. ते आधीच उरकण्याची घाई केली, तर समीक्षक ग्रंथ वाचीत नाही. आपल्या मनातील ग्रंथकार वाचतो.

ग्रंथालयाच्या सूचीत आज एका नावाखाली अनेक नोंदी येतात, आणि कोणती नोंद कोणाची हे सूचिकाराला ठरवावे लागते. पदव्युत्तर प्रबंधात त्या सूचीचा आधार घेणाऱ्या विद्यार्थ्याने ती अंतिम मानू नये. एखादे नाव ओळखीचे वाटले, की तेथेच थांबून हा तोच का, हे विचारावे. आणि एकाच नावाखाली दोन वृत्ती दिसल्या, तर हे दोघे असलेच पाहिजेत का, हेही विचारावे. चांगदेवाने पाटणच्या मठात आजोबांचे ग्रंथ शिकविण्याची व्यवस्था केली, तेव्हा वंशातील प्रत्येक पुरुषाचे नाव क्रमाने शिळेवर कोरून घेतले. त्या क्रमामुळेच आज दोन भास्कर दोन म्हणून ओळखता येतात.